रेणूच्या खोलीतला कापूस

कापूस घरात येऊन पडला की घराचा आवाज बदलतो. भिंती त्याच, वरचे टिन तेच, पण बोलणं कुठेतरी मुरतं. हातातून ताटली पडली तरी तिचा खणखणाट अर्ध्यावर विझतो. परवा भाचीच्या लग्नाच्या पत्रिका वाटत आर्णीच्या पुढे गेले होते. एका घरी पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस रचलेला होता. खुर्ची ठेवायला जागा नव्हती. घरची बाई म्हणाली, "बसा न म्याडम, टेका कापसाले. गादीच हाय ते." मी उभ्याने चहा घेतला, पत्रिका दिली आणि निघाले. यादीत पुढे अजून सात घरं होती. ती त्या दिवशी केली नाहीत. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

दिवाळी उलटली की आमच्या यवतमाळात हा मोसम येतोच. बोंडं फुटतात. दव ओसरायच्या आत बाया कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळींत शिरतात आणि दुपारी गावं ओस पडतात. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांवरून उडालेले पुंजके चिकटून राहतात. हवेत धुळीचा, सरकीच्या तेलाचा आणि थोडा उंदरांचा असा एक वास बसतो. लोक त्याला पांढरं सोनं म्हणतात. मला शिंका येतात. पूर्वी येत नसत. रेणूच्या खोलीतून बाहेर पडल्यापासून येतात, म्हणजे आता सतरा-अठरा वर्षं झाली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. गावात पांढरी गाडी शिरली की लोक कामं टाकून दाराशी यायचे. गाडीतून उतरलेला माणूस आधी पाणी मागायचा आणि मग विचारायचा, "या गावात किती झाल्या?" कशाच्या, ते सांगावं लागत नसे. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. माझ्या सर्कलमध्ये बावीस अंगणवाड्या आणि हातात एक जाड रजिस्टर. त्यात जिवंत मुलांची नावं होती, त्यांची वजनं होती. त्या रजिस्टराबद्दल गाडीतल्या माणसांनी मला कधी काही विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, कारण चहाच्या कपांची मोजदाद माझ्याकडेच असायची.

त्याच सुमारास नागपूरच्या एका संस्थेने आम्हा काही जणींना पाच दिवस शिकवलं. काही लहान मुलं बोलत नाहीत, हाक मारली तरी वळत नाहीत, एकच गोष्ट तासन् तास करत बसतात. अशा मुलांसाठी 'स्वमग्न' असा शब्द आहे, हे मला तिथे कळलं. तोपर्यंत आमच्या रजिस्टरात अशा सगळ्यांसाठी एकच शब्द होता. तो मी इथे लिहीत नाही. शिकवणारी मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, केस आखूड, आवाज शांत. ती म्हणायची, "आधी खाली बसा. मग थांबा. मूल जे करतंय त्यात तुम्ही शिरा. त्याला तुमच्या खेळात ओढू नका." मी क्रमांक घालून लिहून घेतलं. एक, खाली बसणे. दोन, थांबणे. तीन, शिरणे. परत येताना प्रत्येकीला एक निळी पिशवी मिळाली. तिच्यात रंगीत रिंगा, रबरी चेंडू, साबणाच्या फुग्यांची बाटली, एक हातआरसा आणि घुंगरू होतं. पिशवीतल्या वस्तूंची यादी मी आतून शिवून टाकली, हरवायला नको म्हणून.

आर्णी तालुक्यातल्या एका गावात गजानन आणि सुनंदा यांची मुलगी रेणू होती. चार वर्षांची. टाचा न टेकवता चालायची. कान तपासून आणले होते, कान चांगले होते. तिला काही हवं असेल तर ती समोरच्याचं मनगट धरायची आणि चमचा उचलावा तसं उचलून त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. चेहऱ्याकडे पाहायची नाही. माणूस तिच्या लेखी मनगटापाशी संपत असे.

गावाने कारण शोधून ठेवलं होतं. सुनंदा गरोदर असताना फवारणीच्या दिवसांत शेतात जायची. "मायनंच हुंगलं औषध," असं तिच्या जावेने माझ्यासमोर, रेणूसमोर, सुनंदासमोर सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात मला विचारलं, "साखर कमी टाकू का म्याडम चहात?" त्या फवारणीला सुनंदाला पाठवलं कोणी, हे कोणी बोलत नव्हतं. सुनंदा सुपात तूर पाखडत होती. तिचा हात थांबला नाही.

मी निळी पिशवी घेऊन दर सोमवारी आणि गुरुवारी जायला लागले. अंगणवाडीत सेविका कमलबाई जागा झाडून ठेवायच्या. रेणूने रिंगा एका रांगेत लावल्या आणि मला पाठ केली. चेंडूकडे पाहिलं नाही. फुगे उडवले तर कान झाकले. आरसा पालथा घातला. चार आठवडे मी नोंदीत 'प्रतिसाद नाही' लिहिलं, एकाच शाईत, एकाच जागी.

मग वेचणी सुरू झाली. त्या घरी आधी सीतादही झाली. पहिल्या वेचणीआधी शेताच्या कोपऱ्यात दगड मांडून पूजा करतात, पऱ्हाटीवर दहीभात शिंपडतात, ते सीतादही. सुनंदाने रेणूला कडेवर नेलं होतं. ती मला नंतर म्हणाली की परत येताना पोरीच्या मुठीत एक बोंड होतं आणि ती ते सोडायला तयार नव्हती. मी ऐकलं, पण लिहिलं नाही. माझ्या फॉर्ममध्ये बोंडाला रकाना नव्हता.

कापूस घरात येऊ लागला. त्यांच्या घराला दोन खोल्या आणि पुढे पडवीसारखी सपरी. आतली खोली कापसाला दिली आणि माणसं सपरीत आली. खरेदी सुरू व्हायची चिन्हं नव्हती. आज होईल, सोमवारी होईल, वरून आदेश आला की होईल. प्रत्येक वेच्यासरशी गंजी वर चढत होती.

एका सोमवारी मी सकाळी साडेसातला पोचले तर रेणू कुठे दिसेना. सुनंदा भाकरी थापत होती. तिने पिठाच्या हाताने आत दाखवलं. "तिथी हाय पाहा. काल सकाळपासून निघाले तयार नाही." आत अंधुक होतं. गंजीच्या मध्यावर फक्त एक डोकं दिसत होतं. रेणू गळ्यापर्यंत कापसात होती आणि तिचा चेहरा मी पहिल्यांदाच सैल पाहिला. कपाळावरची ती एक गाठ असायची, ती नव्हती.

मी पिशवी खाली ठेवली, पातळ खोचलं आणि आत शिरले.

कापसाच्या गंजीत शिरलेल्या माणसालाच कळतं, ती वरून गार असते आणि आतून ऊबदार. सरकी टोचते, पण सगळीकडे सारखी टोचते. अंगाला चहूबाजूंनी एकसारखा दाब बसतो, कोणीतरी नीट, न बोलता धरून ठेवल्यासारखा. रेणू आता हात बाहेर काढून दोन बोटांनी पुंजक्यातून सरकी काढत होती आणि समोर पाटीवर एकापुढे एक मांडत होती. मीही काढायला लागले आणि एकेक सरकी तळहातावर तिच्यापुढे धरायला लागले. दाराशी कमलबाई आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. "म्याडम, बुढ्या झाल्या न तुम्ही एका मिनटात! सारे केस पांढरे!" मी त्यांना गप्प बसायची खूण केली. तिसऱ्या खेपेपर्यंत रेणूने माझी दखल घेतली नाही. चौथ्या खेपेला तिने माझ्या तळहातावरची सरकी उचलून आपल्या रांगेत लावली. सात पन्नास झाले होते. ती वेळ माझ्या डायरीत आहे.

सुनंदाला आत आणणं जास्त अवघड गेलं. "मी काय लहान हाव का खेळाले? आन् आठ वाजता बाया बलावाले येतात मले," ती म्हणायची. मी म्हटलं, पंधरा मिनिटं. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ लावते. पहिल्या दिवशी ती गंजीच्या कडेला अशी बसली, जशी बाई डॉक्टरच्या टेबलावर बसते. पुढच्या खेपेला तिने ओंजळभर कापूस उचलून रेणूच्या डोक्यावर टाकला, सहज, कंटाळून. रेणू दचकली. मग हसली. तोंड बंद ठेवून, नाकातून. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. ती हसली नाही, घाबरली.

त्यातून तो खेळ निघाला. सुनंदा दोन्ही हातांनी कापूस वर धरायची आणि म्हणायची, "येक... दोन..." आणि थांबायची. नागपूरच्या मुलीने शिकवलेलं थांबणं ते हेच. किती थांबायचं? मुलाने वर पाहीपर्यंत. रेणू आधी कापसाकडे पाहायची. मग हातांकडे. असे आठ-दहा दिवस गेले आणि एका गुरुवारी तिची नजर हातांवरून सरकत, अडखळत आईच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथे थांबली. सुनंदा 'तीन' म्हणायचं विसरली. मीच म्हणाले. कापूस पडला.

गजानन उंबऱ्यात उभा राहून पाहायचा. माणूस थट्टेखोर. "म्याडम, कापसात बसून पोरगी सुधरते म्हणता? आम्ही त जनम कापसातच काढला. आम्ही काहून नाही सुधरलो?" सुनंदा आतून म्हणाली, "तुम्ही बसलेच कई? तुम्ही त लोळले." तो हसत बाहेर गेला. पण पुढच्या खेपेला पाहिलं तर त्याने गंजीच्या कडेला एक पाट आडवा लावून ठेवला होता, पोरगी सरकून खाली दगडावर पडू नये म्हणून. मला सांगितलं नाही.

असल्या आठवणी गोड वाटाव्यात. मला त्या गोड वाटत नाहीत. त्या मला कडक उन्हात ठेवलेल्या लोखंडी बाजेसारख्या आहेत. बसावं तर भाजतं.

त्याच दिवसांत एक पांढरी गाडी त्यांच्या दारात थांबली. कॅमेरावाला तरुण, घामाघूम, बिचारा सकाळपासून फिरत होता. त्याला न विकलेल्या कापसाजवळ बसलेला शेतकरी हवा होता. गजानन बसला. सांगितलं तसा हात कपाळाला लावला. मागे गंजीत माय-लेकींचा खेळ चालू होता, येक, दोन, आणि रेणू नाकातून हसत होती. त्याने कॅमेरा खाली घेतला. "ताई, मुलीला जरा बाजूला घेता का? हसतेय ती." सुनंदाने तिला उचललं. रेणू किंचाळली. फोटो निघाला. तो छापूनही आला असेल. चार वर्षांत पहिल्यांदा आईकडे पाहून हसणारं मूल त्या फोटोच्या चौकटीबाहेर आहे. मीही बाहेरच होते, पिशवी घेऊन. मी त्याला काही बोलले नाही. त्याला उशीर होत होता आणि मलाही.

पौष लागला. साठवलेल्या कापसाने घरातल्या सगळ्यांना खाज सुटली होती. हातांवर पुरळ, मानेवर ओरखडे. जाऊ रोज बडबडायची. रेणूलाही पुरळ होतं, पण ती खाजवत खाजवत आत शिरायची. आता ती सकाळी आईचं मनगट धरत नव्हती, बोटं धरत होती. फरक लहान वाटेल. मनगट वस्तूचं असतं, बोटं माणसाची असतात, एवढंच सांगते. बोटं धरून ती आईला खोलीपर्यंत ओढत न्यायची आणि वर पाहायची. आणि एका सोमवारी, सुनंदा "येक... दोन..." म्हणून थांबली, तेव्हा कापसातून आवाज आला, "ती."

कमलबाई बाहेर खिचडीचे तांदूळ निवडत होत्या, त्या धावत आल्या. "बोलली का वं? कोन बोललं?" सुनंदाचे हात वरच राहिले होते. रेणू पुन्हा म्हणाली, "ती," जरा रागाने, कारण कापूस पडत नव्हता.

मी डायरीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

रेणू आता बावीस-तेवीसची असेल. गेल्या वर्षी आर्णीच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून मला दिसली. उंच झाली आहे, आईपेक्षा वीतभर. सुनंदा तिला मनगटाला धरून गर्दीतून नेत होती. रेणूचे डोळे समोरच्या पाट्यांवरून, पाट्यांवरून टिनांवर, टिनांवरून आभाळात. मी उतरले नाही. बस सुटायला दहा मिनिटं होती.

तर ज्या गुरुवारी कापूस गेला, तो गुरुवार. खरेदी एकदाची सुरू झाली होती, केंद्रावर गाड्यांची रांग लागली होती आणि गजाननचा नंबर आला. मंगळवारी तो मला रस्त्यातच भेटला. दाढी करून आला होता. "गुरुवारी ट्रॅक्टर येते म्याडम! सुटलो एकदाचा."

मी तिथेच, माझ्या दुचाकीच्या सीटवर डायरी उघडली. "मग गुरुवारी खेळ नाही," मी म्हणाले. "आणि रेणूला सकाळीच अंगणवाडीत आणून सोडा. सहा-सात माणसं भरायला असणार, पोर मधे मधे येईल. कमलबाई सांभाळतील दोनपर्यंत."

"हे बरं सुचलं तुम्हाले," तो म्हणाला. "डोकं चालते बाप्पा तुमचं."

मला बरं वाटलं. ती नोंद माझ्याच अक्षरात आहे: 'गुरु. रेणूकडचा कापूस जाणार. खेळ नाही. रेणू अं.वाडीत ९ ते २. कमलबाईंना सांगणे.' शेवटच्या वाक्यापुढे बरोबरची खूण आहे. म्हणजे सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. ट्रॅक्टरवाल्याला सपरीच्या पायरीचं सांगितलं, जावेला खिचडीचा डबा पाठवायचं सांगितलं. एकीला सांगायचं राहिलं. तिला कळणार नाही असं मी ठरवलंही नव्हतं. ठरवायला तो विचार मनात यावा लागतो.

आमच्याकडे कापूस जाणं ही वाईट बातमी नसते. पडून राहणं ही वाईट बातमी. ज्या दिवशी जातो त्या दिवशी घरात जिलेबी येते, बाया डोक्यावरून पाणी घेतात, शेजारचे येऊन ट्रॉलीच्या चाकावर पाणी घालतात. त्या खोलीतून काही हिसकावून नेलं जातंय असं मनात यायला माणूस कापसाच्या मुलखाबाहेरचा हवा. किंवा चार वर्षांचा.

गुरुवारी मी पंचायत समितीत मीटिंगला होते. पुढचं सगळं मला सोमवारी कमलबाईंनी सांगितलं. रेणू अंगणवाडीत छान राहिली, खिचडी खाल्ली, रिंगा लावल्या. दोनला कमलबाई तिला घरी घेऊन गेल्या. ती पुढे पुढे, चवड्यांवर, जवळजवळ धावत. खोली झाडून सारवून झाली होती. शेणाच्या वासाने भरलेली, ओली, रिकामी. त्या घरची एक रीत आहे. कापूस गेला तरी खोली ओकीबोकी ठेवायची नाही, म्हणून एका कोपऱ्यात पळसाच्या पानावर मूठभर कापूस ठेवून हळदकुंकू वाहायचं, दिवा लावायचा. तेवढा एक पुंजका होता.

रेणू उंबऱ्यात थांबली. मग ती कोपऱ्याकडे गेली, खाली बसली आणि त्या पुंजक्याला तिने हात लावला. गजानन चांगल्या मूडमध्ये होता. त्याने तिला हळूच उचललं. "लक्ष्मी हाय बेटा ते. हात नोको लावू."

"मंग जे सुरू झालं म्याडम," कमलबाई म्हणाल्या. दिवे लागेपर्यंत ती किंचाळत होती. स्वतःच्या मनगटाला चावली होती. वेफर्सचं पाकीट दिलं, जिलेबी दिली, शेवटी पानावरचा तो कापूसही दिला. तो तिने भिंतीवर फेकला.

मी गेले तेव्हा सुनंदा त्या रिकाम्या खोलीत उकिडवी बसली होती. रेणू भिंतीकडे तोंड करून. सुनंदाने दोन्ही हात वर केले, हातांत काही नव्हतं, आणि म्हणाली, "येक... दोन..." रिकाम्या खोलीत तो आवाज फार मोठा झाला. ती थांबली. आम्ही दोघी थांबलो. नियमाप्रमाणे, मुलाने वर पाहीपर्यंत. सुनंदाचे हात दुखायला लागले असतील. तिने ते खाली घेतले नाहीत. मीच धरून खाली घेतले.

मग मी जे करते ते केलं. धावपळ. आर्णीच्या पिंजाऱ्याकडून दोन पोती रुई आणली, खोलीत ओतली. रेणूने एक पुंजका बोटांत घेऊन उलगडला. आत सरकी नव्हती. पुन्हा दुसरा उलगडला. मग उठून सपरीत निघून गेली. गावातल्या दुसऱ्या एका घरी गंजी होती, तिथे नेलं. तिथे ती दारातूनच मागे वळली. मी नागपूरला फोन केला. त्या शांत आवाजाच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तिच्यासमोर जायला हवा होता. तिच्या हाताने चार ओंजळी ट्रॉलीत टाकून घ्यायच्या. बाय बाय म्हणायचं. आणि थोडा तिच्यासाठी मागे ठेवायचा, पोतंभर." मी लिहून घेतलं. एक, दोन, तीन. इतकं सोपं होतं. त्याला प्रशिक्षण लागत नव्हतं, साहित्य लागत नव्हतं. पोतंभर कापूस लागत होता, आणि तो त्या घरी होता.

संस्थेतल्या एका बाईंनी नंतर मला समजावलं, अशी मुलं मागे जातात, पुन्हा पुढे येतात, एकाच दिवसाने काही ठरत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खरं असेल. मी ते वाक्य पुष्कळ आयांना पुढे सांगितलंही, आणि त्यांतल्या काहींची मुलं खरंच पुढे आली. रेणू आली नाही. 'ती' हा शब्द त्यानंतर कोणी ऐकला नाही. बोटं गेली, मनगट परत आलं.

पुढच्या वर्षी पुन्हा बोंडं फुटली. पुन्हा सीतादही. मी मुद्दाम गेले. सुनंदा पऱ्हाटीवर दहीभात शिंपडत होती. रेणू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाठ करून बसली होती. मी एक फुटलेलं बोंड तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने ते पायाने दूर केलं.

"कापूस घरात आला की आपण पुन्हा सुरू करू," मी सुनंदाला म्हणाले. "या वेळी सगळं नीट करू. मी लिहून ठेवलंय काय काय करायचं ते."

सुनंदा हात पुसत होती. "नाही म्याडम."

"अगं, ऐक तर. जाताना तिच्या हाताने..."

"नाही म्हनून राह्यली न मी तुम्हाले." आवाज चढला नव्हता. "तिले समजलं का मले समजलं, तुम्हाले काय मालूम? तिनं माह्याकडं पाह्यलं तवा मले वाटलं, आता हे मले ओळखते. मंग त्या दिवशी तिनं तसंच पाह्यलं माह्याकडं. कोठी नेला म्हनून. सारं पाह्यलं अन् मंग पाहनं सोडलं. येक डाव मीनं लावलं, येक डाव मीनंच तोडलं. आता पुन्हा माह्या हातानं नाही."

"तू नाही तोडलंस," मी म्हणाले. पुढचं वाक्य 'मी तोडलं' हे होतं, ते मी म्हणाले नाही. धुऱ्यावर गजानन होता, जाऊ होती, कमलबाई होत्या. गावाने त्या बाईवर एक दोष आधीच घातला होता. हा दुसरा ती आपणहून उचलत होती आणि मी पाहत उभी राहिले. ओझं जड असलं की दुसऱ्याने उचललेलं पाहून आधी हलकं वाटतं, मग लाज वाटते. मला लाज वाटायला बरेच दिवस लागले.

मार्च अखेरीस फाइली बंद करायच्या होत्या. ज्या मुलाचे खेळाचे तास तीन महिने झाले नाहीत, त्याचा फॉर्म भरून, पालकाची सही घेऊन नागपूरला पाठवायचा. रेणूचा फॉर्म घेऊन मी त्यांच्या सपरीत बसले. कापूस जाऊन खोली पुन्हा मोकळी झाली होती. 'बंद करण्याचे कारण' याखाली चार रकाने छापलेले होते. स्थलांतर. मृत्यू. शाळेत दाखल. पालक अनिच्छुक.

मी चौथ्यात खूण केली.

सुनंदा सातवी शिकलेली. सही करायच्या आधी तिने कागद आपल्याकडे ओढला आणि खुणेखाली बोट ठेवून वाचलं. "पालक अ-नि-च्छुक. म्हंजे काय म्याडम?"

"म्हणजे घरच्यांना वेळ नाही," मी म्हणाले.

तिने थोडा विचार केला. "मंग बरोबर हाय. येळ नाहीच," म्हणाली आणि पदराला बोटं पुसून, रेघ सोडून जाऊ नये म्हणून मान वाकडी करून, सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

चारच रकाने होते खरे. पाचवा आखायला पेन आणि पट्टी, दोन्ही माझ्या पर्समध्ये होती.